नमुन्यापासून रेघोट्यांकडे : बडोद्यातल्या बालचित्रकलेची पार्श्वभूमी

बडोद्यात चित्रकला शिक्षणात रुजली ती कारागीर घडवण्यासाठी. सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन सुरू केलं. तिथे कापडरंगाई आणि यंत्रकामाच्या जोडीला रेखाकलाही होती. त्या काळची ब्रिटिश पद्धत ठरलेली: आधी सरळ रेघ, मग भौमितिक आकार, मग छापील नमुन्याची नक्कल. सुताराला किंवा विणकराला ती उपयोगीच होती. तीच पद्धत पुढे बालवर्गात उतरली आणि घोटाळा झाला. तीन वर्षांच्या मुलाची रेघ खांद्यातून आणि कोपरातून येते, बोटांतून नाही. त्याला वहीतल्या चौकटीत आंबा काढायला लावला की खडू मोडतो, कागद फाटतो आणि ‘याला चित्र जमत नाही’ असा शेरा मिळतो.

सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात आलं, पण तीन-चार वर्षांचं मूल त्याच्या बाहेरच राहिलं. त्या वयाचा विचार झाला शेजारच्या भावनगर संस्थानात. गिजुभाई बधेकांनी तिथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं, १९२३ मध्ये ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि पुढे हा विचार मराठीत आला. बडोद्यात १९४९ मध्ये विद्यापीठ आणि १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा उभी राहिली. चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होती. ते इंदूरचे, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी माणसांतलेच! गृहविज्ञान शाखेची बालवाडीही याच शहरातली.

मुलं रंगांतून काय शिकतात, हे वयाप्रमाणे बदलतं. दीड-दोन वर्षांचं मूल रेघोट्या ओढतं. हात हलवला की खूण उमटते, एवढाच त्याचा शोध. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला रेघ जिथून निघाली तिथे परत येऊन मिळते. हा बंद गोल फार मोलाचा, कारण ‘ठ’ किंवा ‘व’ची गोलाई पुढे त्यातूनच येते. मग त्या गोलाला थेट पाय फुटतात आणि माणूस तयार होतो. धड नाही म्हणून दुरुस्त करू नये; ते आपसूक येतं. जमिनीची रेघ साधारण पाच-सहाव्या वर्षी दिसते.

सामान मोजकंच लागतं. रंगासाठी मैद्याची खळ करायची: एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात कालवून उकळत्या चार वाट्या पाण्यात ओतायचा, घट्ट होईपर्यंत ढवळायचं आणि चमचाभर मीठ घालायचं. मैदा कोरडाच गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. खळ निवली की रंग मिसळायचा. बडोद्याच्या उन्हाळ्यात ती बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. ती पिठल्याइतकी दाट हवी. पातळ झाली तर उभ्या कागदावरून ओघळते आणि मूल चित्र सोडून ओघळ पुसत बसतं. ब्रश अर्धा-पाऊण इंच रुंद आणि आखूड दांड्याचा घ्यावा.

पहिल्या दिवशी दोनच रंग द्यावेत. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो, हे मुलाला स्वतः सापडतं. लाल, पिवळा, निळा एकदम दिले की पाच मिनिटांत सगळं मातकट होतं आणि काहीच सापडत नाही.

पिवळ्या रंगासाठी हळद स्वस्त आणि निर्धोक, पण तिचे दोन गुण माहीत असावेत. उन्हात लावलेलं चित्र काही दिवसांत फिकं पडतं, आणि कपड्यावरचा डाग साबण लागताच लालसर होतो. पालक घाबरतात ते इथेच. साबण क्षारयुक्त असतो म्हणून तसं होतं. लिंबू पिळलं की रंग पुन्हा पिवळा होतो. वर्गात मात्र हाच प्रकार जादूसारखा वापरता येतो: हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा.

छापील चित्रात रंग भरण्याच्या स्पर्धा गणेशोत्सवात हटकून होतात. त्यातून हात आवरायला शिकतो, हे खरं. पण आकार कुणीतरी आधीच ठरवलेला असतो, म्हणजे ती कलाभवनाच्या नमुन्याचीच धाकटी भावंडं. रोजच्या कामाला कोरा कागदच बरा. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं की मूल आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. ‘याबद्दल सांग ना’ म्हणावं आणि ते जे बोलेल ते तारखेसह कागदाच्या मागे लिहून ठेवावं.