एएमएम (संगीतवृंद)

एएमएम हा मुक्त उत्स्फूर्त संगीत निर्माण करणारा इंग्लिश संगीतकारांचा वृंद. स्थापना लंडनमध्ये, १९६५. गिटारवादक कीथ रो, सॅक्सोफोनवादक लू गेअर आणि तालवादक एडी प्रेव्हो हे संस्थापक. तिघेही मूळचे जॅझवादक. बेसवादक लॉरेन्स शेफ लवकरच आले, तर १९६६ मध्ये संगीतरचनाकार कॉर्नेलियस कार्ड्यू. एएमएम ही आद्याक्षरे कशाची, हे वृंदाने जाहीर केलेले नाही.

ख्यालगायकाला उपज सुचते ती राग-तालाच्या चौकटीत. रूढ जॅझवादकालाही धून आणि स्वरसंगतींच्या क्रमाचा आधार असतो. एएमएमने असे सगळेच आधार सोडले. काय वाजवायचे, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे, यातले काहीच आधी ठरत नसे. एकाने पुढे होऊन वाजवायचे आणि इतरांनी साथ करायची, ही जॅझची रीतही त्यांनी टाकली. आवाज आधी मनात योजून मग काढण्यापेक्षा आपण आवाजांचा शोध घेतो, असे कार्ड्यू यांनी लिहिले आहे.

हा शोध सर्वांत स्पष्ट दिसतो रो यांच्या गिटारीत. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून रंगवत. त्यावरून रो यांनी गिटार टेबलावर आडवी ठेवली. मग तारांवर बोटांऐवजी कानस, स्प्रिंग, सुरी असे काहीही चालू लागले. शेजारी ट्रान्झिस्टर रेडिओही असे. त्यातून त्या क्षणी भाषण ऐकू येईल की एखादे गाणे, हे खुद्द वादकालाही माहीत नसे. प्रेव्हो झांजेवर गज फिरवून दीर्घ, कंप पावणारा नाद काढत. ऐकताना कोणता आवाज कुणाचा, हे अनेकदा उमगत नाही. आणि या संगीताचे खरे मोठेपण तिथेच आहे. इथे गाजवायला कुणाचे नाव उरत नाही, एकमेकांचे ऐकत राहणे तेवढे उरते. त्यात शांततेलाही आवाजाइतकेच स्थान आहे.

पहिली ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये मुद्रित झाली. जून १९६८ मध्ये लंडनच्या ‘द क्रिप्ट’मध्ये झालेले वादनही ध्वनिमुद्रित आहे. नवख्या श्रोत्याने ते एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐकावे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी कार्ड्यू आणि रो माओवादाकडे वळले. संगीत जनतेच्या कामी यावे, या आग्रहापुढे अशा अमूर्त नादांना जागा उरली नाही. वृंद दुभंगला, गेअर आणि प्रेव्हो दोघेच काही काळ वाजवत राहिले. कार्ड्यू १९८१ मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मरण पावले. पुढे रो, प्रेव्हो आणि पियानोवादक जॉन टिलबरी या त्रयीने दोन दशके वृंद चालवला. २००४ मध्ये रो बाहेर पडले.

प्रेव्हो यांनी १९९९ मध्ये लंडनमध्ये उत्स्फूर्त वादनाची साप्ताहिक कार्यशाळा सुरू केली. तिथे नवे वादक आपले वाद्य घेऊन येतात, आणि शेजारी बसलेल्याचे ऐकत वाजवू लागतात.