हातोडी कंडरेवर, दचकतो स्नायू

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपसूक उडतो. हातोडी पडते कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, म्हणून बरेच जण (काही जिम ट्रेनरसुद्धा) त्याचं श्रेय कंडरेजवळच्या, ओढ जाणणाऱ्या गॉल्जी अवयवाला देऊन मोकळे होतात. पण दचकलेला असतो मांडीच्या पुढच्या स्नायूतला, लांबी जाणणारा स्पिंडल. कंडरा दबली की स्नायू क्षणभर किंचित ताणला जातो, ते स्पिंडलला कळतं, निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि मेंदूला न विचारताच ‘आखड’ असा हुकूम परत येतो.

स्पिंडल म्हणजे चाती. सूत भरलेल्या चातीसारखाच तो मध्ये फुगीर, टोकांना निमुळता. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. स्नायूच्या तंतूंना समांतर बसलेला, त्यामुळे स्नायू लांबला की तोही लांबतो. लांबी तर तो मोजतोच, पण वेगाचं त्याला भारी वावडं. पादहस्तासनात बोटं जमिनीला टेकेनात म्हणून झटके देणाऱ्यांची तिथेच फसगत होते: दर झटक्याला मांडीची मागची बाजू उलट आखडते. सावकाश वाकलं तर तो फारसा कुरकुरत नाही.

गॉल्जी अवयवाला नाव मिळालं ते इटलीच्या कामिल्लो गॉल्जींचं, १९०६ च्या नोबेलचे एक मानकरी. स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे तो असतो, स्नायूच्याच रांगेत. कोलॅजनच्या धाग्यांत मज्जातंतूची टोकं गुंतलेली असतात. वेणी ओढली की पेड आवळतात, तशी ती चिमटली जातात. लांबीशी त्याला देणंघेणं नाही. ओढ किती, एवढंच तो सांगतो, आणि बहुधा स्नायूला जरा सैल हो म्हणतो.

‘तीस सेकंद धरून ठेवा, गॉल्जी जागा होईल, स्नायू सुटेल’ हे क्लासमध्ये सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. नुसत्या ताणाला हा अवयव फारशी दाद देत नाही. स्नायू स्वतः जोर लावतो तेव्हा मात्र थोडक्या बळालाही जागा होतो. मग आधी जोर लावून नंतर ताणायची पीएनएफ पद्धत त्याच्यामुळे चालते का? तिथेही गोम आहे. जोर सोडला की त्याचा प्रभाव लगेच ओसरतो, आणि ताण द्यायची वेळ येते त्यानंतर.

तरी काही आठवड्यांनी बोटं टेकतात खरी. मोजून पाहिलं तर तेवढ्याच ओढीला स्नायू बहुतेकदा पूर्वीइतकाच लांबतो; फक्त ‘बास’ म्हणायला आपण आता जरा उशीर करतो.