लष्करी गुप्तचर विभागात ‘गुपचूप भरती’ होत नाही

नागपूर-कामठीकडे वर्षानुवर्षे ऐकू येते: मिलिटरी इंटेलिजन्सची जाहिरात निघत नाही, ‘आतल्या माणसा’ला पैसे दिले की काम होते. पैसे देऊन अशी भरती होते, हे साफ खोटे आहे, आणि यात गरीब घरची पोरं फसतात.

इंटेलिजन्स कोअर (गुप्तचर विभागाची तुकडी) हा सैन्याचाच भाग. अधिकारी व्हायचे तर एनडीए (बारावीनंतरची) किंवा सीडीएस (पदवीनंतरची) यांसारखी प्रवेशाची वाट, एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, मग अकादमी. कोणत्या कोअरमध्ये (शाखेत) जायचे ते ठरते त्यानंतर. जवानासाठी आधी अग्निवीर परीक्षा. गुप्तचर प्रशिक्षणाची शाळा पुण्यात आहे, पण बाहेरच्या माणसाला तिथे थेट प्रवेश नाही. नोकरी सांभाळून सैन्यात यायचे तर प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे सैन्याचे अर्धवेळ दल) अधिकारी होता येते (पदवीधर, वय १८ ते ४२). तीही जाहिरात उघडच निघते.

ओळखपत्र दाखवून कुणी पैसे मागितले, तर सरळ पोलिसांत जा.