वाफेतली चव आणि ‘उघड’ हा शब्द : पार्श्वभूमी

तंबाखू जाळायची नाही, नुसती तापवायची आणि तिच्या वाफेत पुदिन्याची किंवा फळाची चव उतरवायची. असल्या पदार्थांसाठी २०१८ नंतर पेटंट अर्जांची रांग लागली. त्यांच्यावरचे आक्षेप बहुतेक एकाच ठिकाणी येऊन ठेपतात: यात कल्पक पाऊल नेमकं कुठे आहे? त्या विद्येतल्या जाणकाराला जे सहज सुचलं असतं, म्हणजे कायद्याच्या भाषेत जे ‘उघड’ आहे, त्यावर वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची का?

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण वाद घालताना ती हमखास विसरली जाते. चव ही या उपकरणांमध्ये नंतर आलेली भर नाही. विजेवर औषध तापवून वाफ ओढायच्या उपकरणाला अमेरिकेत १९३० मध्येच पेटंट मिळालं होतं. पुढे १९६३ मध्ये तिथल्याच एका माणसाने बिनधुराच्या सिगारेटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये पेटंट मिळवलं. त्यात निकोटिन नव्हतं. जळत्या तंबाखूऐवजी तापलेली, ओलसर, चव दिलेली हवा ओढायची, एवढीच कल्पना. म्हणजे चव हाच त्या शोधाचा गाभा होता. २००३ चं चिनी उपकरण, २०१४ मध्ये नागोया आणि मिलानच्या बाजारात आलेली तापवायची तंबाखूकांडी, हे सगळं त्यानंतरचं. त्यामुळे ‘वाफेला चव दिली’ एवढ्यावर आज कुणालाच पेटंट मागता येत नाही. मागणी असते ती चव धरून ठेवण्याच्या युक्तीवर.

ती युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातला थंडावा देणारा पदार्थ, साधारण ४२ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधीपासून उडत राहतं. डबीचं झाकण काढलं की खोलीभर वास सुटतो, तो त्यामुळेच. कांडीत नुसतं शिंपडलं तर गोदामातच निम्मं उडेल, आणि उरलेलं पहिल्या दोन-चार झुरक्यांत संपेल. म्हणून पाण्यात अल्जिनेट किंवा पेक्टिन कालवतात, त्यात ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीन) आणि मेंथॉल घोटतात, कॅल्शियमच्या क्षाराने ते आळवतात, पातळ थर पसरून सुकवतात आणि त्या पापुद्र्याचे बारीक काप करतात. पेरूची जेली ज्याने केली आहे त्याला पेक्टिन आळतं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. समुद्रशेवाळातलं अल्जिनेट कॅल्शियमला भेटलं की घट्ट होतं, हेही खाद्यउद्योगाला कित्येक दशकं ठाऊक आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा सगळा जोर इथेच असतो: वास कोंडून ठेवायला अल्जिनेट वापरतात हे माहीत असताना, कांडीत वास टिकत नाही म्हणून अडलेला माणूस दुसरीकडे कशाला जाईल?

अर्जदार त्या पापुद्र्याला ‘अनाकार घन’ म्हणतात. रसायनशास्त्रात हा शब्द स्फटिकरचना नसलेल्या घनासाठी आहे. अर्जांमध्ये मात्र त्याचा अर्थ ‘तंतू नसलेला, एकसंध, सुकवलेला जेल’ असा करून घेतलेला असतो. नाव बदललं की जुने दाखले, म्हणजे आधीच जाहीर झालेल्या तशाच गोष्टी, शोधणाऱ्याच्या जाळ्यातून निसटतात, कारण जुन्या कागदांत ‘फिल्म’ असतं, ‘जेल’ असतं, ‘लेप’ असतो. तोच घोळ टक्क्यांचा. समजा, शंभर ग्रॅम लगद्यात ८० ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम अल्जिनेट, ९ ग्रॅम ग्लिसरॉल आणि ६ ग्रॅम मेंथॉल आहे. ओल्या वजनावर मेंथॉल ६ टक्के. पाणी पूर्ण उडालं आणि बाकी सगळं जागेवर राहिलं, तर उरलेल्या वीस ग्रॅममध्ये तेच मेंथॉल ३० टक्के, अल्जिनेट २५ आणि ग्लिसरॉल ४५ टक्के. जुन्या दाखल्यात ६ लिहिलंय आणि नव्या दाव्यात (अर्जात ज्यावर हक्क मागितला त्या मजकुरात) ‘कोरड्या वजनावर १० ते ६०’ लिहिलंय, म्हणून ते वेगळे दिसतात. वस्तू तीच असू शकते. असा दावा वाचताना पेन्सिल हातात घेऊन गणित मांडल्याशिवाय मत देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याकडे. १८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मातीच्या दारमुठीचं पेटंट नाकारलं. मूठ जुनी होती, माती नवी होती, आणि पदार्थ बदलणं हे कसबी कारागिराचं काम ठरलं. १९५२ मध्ये ही कसोटी तिथल्या कायद्यात आली. युरोपने १९७३ च्या करारात ती घेतली आणि पुढच्या दशकात तिला शिस्त लावली: सर्वांत जवळचा जुना दाखला घ्या, फरक काढा, त्या फरकाने कोणता तांत्रिक परिणाम साधला ते पाहा, त्यावरून प्रश्न मांडा, आणि मग विचारा की जाणकाराने हे केलं असतं का. करू शकला असता, एवढं पुरत नाही.

या साखळीतली सर्वांत नाजूक कडी म्हणजे परिणाम. तो सिद्ध झाला नाही तर प्रश्न ‘चव जास्त टिकवणं’ असा राहत नाही, ‘आणखी एक पर्याय देणं’ एवढाच उरतो. आणि माहीत असलेल्या पर्यायांतून एक उचलणं जवळजवळ नेहमीच उघड ठरतं. चवीच्या बाबतीत परिणाम दाखवायचा कसा? २००६ मधल्या एका युरोपीय अपिलात, वासाचा माणसाच्या मनात कशाशी संबंध जुळतो यावरून वास निवडण्याची पद्धत तांत्रिक मानली गेली नाही. म्हणून ‘चव छान लागते’ यापेक्षा दर झुरक्यामागे किती मिलिग्रॅम मेंथॉल आलं हे मोजून दाखवणं अधिक भक्कम. यंत्राला दोन सेकंदांचा, ५५ मिलिलीटरचा झुरका दर अर्ध्या मिनिटाला ओढायला लावून हे मोजता येतं. पण अर्ज दाखल होतो तेव्हा असे आकडे पुष्कळदा एखाद-दुसऱ्या मिश्रणाचेच असतात, आणि दावा मात्र १ ते ६० टक्क्यांच्या अख्ख्या पट्ट्यावर असतो. उरलेले प्रयोग नंतर, आक्षेप आल्यावर होतात.

हे नंतरचे आकडे चालतात का, यावर २३ मार्च २०२३ ला युरोपीय पेटंट कार्यालयाच्या सर्वोच्च अपील मंडळाने निर्णय दिला. प्रकरण तंबाखूचं नव्हतं, दोन कीटकनाशकांच्या मिश्रणाचं होतं. मिश्रणाचा परिणाम दोन घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे, हे दाखवणारा पुरावा अर्जानंतरचा होता. त्याआधी जवळपास दोन दशकं, २००५ च्या एका निर्णयापासून, ‘अर्जाच्या दिवशी तो परिणाम पटण्याजोगा होता का’ असं विचारलं जाई. तिथली काही अपील मंडळं म्हणत, अर्जातच तसा आधार हवा. काही म्हणत, शंका घ्यायला ठोस कारण नसेल तर पुरे. तिसऱ्या मताला ही कसोटीच मान्य नव्हती. २०२३ च्या निर्णयाने सांगितलं की केवळ नंतरचा म्हणून पुरावा फेटाळता येणार नाही. आणि परिणामावर विसंबता येईल ते जाणकाराने सर्वसाधारण ज्ञान मनात ठेवून मूळ अर्ज वाचला असता, तो परिणाम त्याच शिकवणीत सामावलेला आणि त्याच शोधात मूर्त झालेला त्याला दिसला असता तर. ‘पटण्याजोगं’ हा शब्द वेगळी कायदेशीर अट नाही, नुसता प्रचारातला शब्द आहे, असंही मंडळाने म्हटलं.

‘सामावलेला’ आणि ‘मूर्त झालेला’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात तेव्हापासून खालच्या मंडळांची शक्ती खर्च होते आहे. चवीच्या पदार्थांना ते लावून पाहा. मूळ अर्जात ‘या पापुद्र्यात चव टिकते’ असं एक वाक्य आहे, आकडा एकही नाही. नंतर आकडे आले. जेलमध्ये वास कोंडतो हे जाणकाराला ठाऊकच आहे, म्हणून तो परिणाम मान्य करील. पण मग तेच ज्ञान युक्तीला उघड ठरवतं! अर्जदाराला एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवावे लागतात: परिणाम विश्वास बसावा इतका ओळखीचा, आणि तरीही कुणाला सुचू नये इतका अनपेक्षित. माझं मत असं की पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे आकडे मूळ अर्जातच मागावेत. दोनशे-अडीचशे अंशांवर तापणारा पदार्थ जेलीसारखा वागेलच असं नाही, हा अर्जदारांचा युक्तिवाद खरा आहे, पण मग तसा प्रयोग त्यांनीच आधी करायला हवा.

भारतातली वाट थोडी निराळी. लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केलं, तेव्हापासून कारागिराच्या रोजच्या कसबापलीकडे काही आहे का, हे पाहिलं जातं. सध्याच्या व्याख्येत तांत्रिक प्रगतीसोबत आर्थिक महत्त्वही चालतं, पण उघड नसण्याची अट सुटत नाही. शिवाय पेटंट कायद्याचं कलम ३(ई) नुसत्या मिश्रणाला दार बंद करतं, म्हणजे घटकांच्या गुणांची केवळ बेरीज करणाऱ्या मिश्रणाला. अमृतधारा करताना ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की तीन घन पदार्थांचं पाणी होतं. ही नुसती बेरीज नव्हे. पुदिना अधिक ग्लिसरॉल अधिक अल्जिनेट यांतून असं काही घडतं का, हे इथे अर्जदाराने दाखवायचं असतं.

त्यात २०१९ च्या ई-सिगारेट बंदीने दुसरा अडसर उभा केला. आरोग्याला गंभीर हानी करणाऱ्या शोधांना वगळणाऱ्या कलम ३(ब) वर अर्ज फेटाळले जाऊ लागले. अलीकडे कोलकाता उच्च न्यायालयाने वाफ तयार करणाऱ्या तापकाच्या अर्जावरचा असा नकार रद्द करून तो फेरविचाराला परत पाठवला. पेटंट म्हणजे विकण्याचा परवाना नव्हे, दुसऱ्याला रोखण्याचा हक्क आहे, हे त्यामागचं तत्त्व. युरोपचा करारही सांगतो की एखाद्या देशात मनाई आहे एवढ्यावरून शोध वगळता येत नाही. युरोपीय संघात तापवायच्या तंबाखूत ठळक चव घालायला २३ ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आहे. २०१९ मध्ये दाखल झालेल्या मेंथॉल-पापुद्र्याच्या अर्जांना पेटंट मिळालं आणि शुल्क भरत राहिलं, तर त्यांची मुदत मात्र २०३९ पर्यंत चालेल.