मुंबईच्या मराठी ख्रिस्ती तरुणांचे आदर्श: एका वाचनपरंपरेची पार्श्वभूमी

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेचे बक्षीस म्हणून मुलांच्या हाती पुस्तक पडते ते बहुधा इंग्रजी, आणि बऱ्याचदा ते आफ्रिकेत किंवा चीनमध्ये गेलेल्या एखाद्या मिशनऱ्याचे चरित्र असते. ती माणसे मोठीच होती. पण ख्रिस्ती तरुणाने काय वाचावे आणि कोणाकडे पाहून जगावे, याचा विचार आपल्या भाषेत कितीतरी आधीपासून होत आला आहे. तो मंडळ्यांतल्या आजच्या तरुण संघांपर्यंत पोहोचलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

या परंपरेचा उगम मुंबईबाहेरचा, गोव्यातला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांची एक अडचण ओळखली. जुनी पुराणे सुटली, पण त्यांच्या जागी ऐकायला, म्हणायला काहीच नव्हते. मग त्यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापून निघाले. श्रद्धा माणसात मुरायची तर ती त्याच्या भाषेत, त्याच्या छंदात आली पाहिजे, हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी उमगले होते.

मुंबईत या कामाला वेग आला तो छापखान्यामुळे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये इथे उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते, तरी ते टिकून राहिले आणि काही वर्षांतच मराठी पुस्तके छापू लागले. १८४१ मध्ये इंग्रज लेखक जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने आले. १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले आणि पुढे ते मुंबईत आले. याशिवाय बोधपर छोट्या पुस्तिका तर ढिगाने निघाल्या. त्यांतला मुलगा कधी खोटे बोलत नाही, आणि बोललाच तर शेवटच्या पानाआधी पश्चात्ताप करतो. हेतू शुद्ध होता, पण अशा मुलाशी वाचणाऱ्या पोराची ओळख कशी पटावी?

बाबा पदमनजींनी इथे मोठे पाऊल टाकले. ते बेळगावचे. त्यांचे शिक्षण मुंबईत, स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शिक्षणसंस्थेत झाले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये त्यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. पुष्कळ अभ्यासक तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते आणि पुढे ते दुःख तिच्याच वाट्याला येते. पुस्तकात उपदेश आहेच, नाही असे नाही. पण चारित्र्य म्हणजे केवळ स्वतःचे पाप टाळणे नसून शेजारच्या घरातला अन्याय दिसणे, ही दृष्टी तिथे आहे.

ती दृष्टी कृतीत उतरली पंडिता रमाबाईंच्या हातून. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा उघडली. तिथल्या पहिल्या मुलींपैकी एक बालविधवा गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. रमाबाईंच्या वाट्याला दोन्हीकडून बोलणी आली. ख्रिस्ती झाल्या म्हणून हिंदू समाजाने दूर लोटले, आणि आपल्या बुद्धीला न पटणारे निमूट मान्य करीत नाहीत म्हणून त्यांना आसरा देणारे इंग्रज ख्रिस्तीही नाराज झाले. मोठ्यांना आदराने पण ठामपणे ‘नाही’ कसे म्हणावे, हे शिकायला याहून चांगला धडा नाही.

आणि मग टिळक दांपत्य. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईतच झाला. १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांची भजने आजही ‘उपासना संगीत’ या मंडळ्यांतल्या गीतपुस्तकातून दर रविवारी म्हटली जातात. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याचा तापटपणा लिहिला, न सांगता घरातून निघून जाणे लिहिले, हातातला पैसा कोणालाही देऊन टाकणे लिहिले, आणि तरीही त्यांच्यावरचे प्रेम ओळीओळीत ठेवले. स्वतःलाही त्यांनी सोडले नाही. वडिलांच्या घरचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. मग एके दिवशी, कोणी उपदेश न करता, त्यांच्याच मनाने घेतले की जाती माणसांनी केल्या, देवाने नाही. तिथून त्या कोणाच्याही हातचे घेऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मन बदलायला लागलेला वेळ, त्यातली चिडचिड, रडणे, हसणे, सगळे त्या सांगतात. बोधपुस्तिकांतला तो निर्दोष मुलगा इथे कुठेच नाही, म्हणूनच सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे पुस्तक आपले वाटू शकते.

हा धागा पुढे तुटलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवले, हरित वसईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, ‘सुबोध बायबल’ हे बायबलचे मराठी भाषांतर दिले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झाला, धमक्या आल्या, तरी आजारी असतानाही ते व्यासपीठावर गेले. २०२४ मध्ये ते गेले. आजच्या तरुणांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले आहे.

अडचण आहे ती वाचनाची. इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुले मराठी बोलतात, गातात, पण तीनशे पानांचे मराठी पुस्तक घेऊन बसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘स्मृतिचित्रे’चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ पासून उपलब्ध आहे. ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी तरुण संघाच्या सभेत मूळ पुस्तकातले एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, एवढे तर याच महिन्यात सुरू करता येईल.