गॅस गिझर आणि बंद बाथरूममधली हवा

नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरू लागला आणि निफाडच्या कडाक्याच्या बातम्या येऊ लागल्या, की बाथरूमची खिडकी बंद होते, वारा येऊ नये म्हणून दाराच्या फटीलाही फडके लावले जाते, आणि नेमक्या याच दिवसांत आत बसवलेला गॅस गिझर जिवावर उठू शकतो.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनचा एक रेणू पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात, आणि हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के असल्यामुळे लहानशा बाथरूममध्ये तो लवकर कमी पडू लागतो. मग ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गळतीचा वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनमुळे, पण ते ज्योतीत जळून जाते, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत बंब उघड्या चौकात किंवा कौलारू न्हाणीत पेटत असे, तेव्हा धुराला वाट होती. स्लायडिंग खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये ती उरलेली नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले त्राण जाते, आणि माणूस ते पित्तावर किंवा उपाशीपोटी आलेल्या चकरेवर ढकलतो. सर्वांत भयंकर गोष्ट ही, की धोका लक्षात येईपर्यंत कडी काढण्याचेही बळ राहत नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते.

ज्योत पिवळी दिसू लागली किंवा गिझरच्या पत्र्यावर काजळी धरू लागली, तर बर्नर तातडीने तपासून घ्यावा. मात्र निळ्या ज्योतीवरही विसंबू नये. माझ्या मते खिडकी किलकिली ठेवणे हा उपाय अपुरा आहे. गिझर मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा.

आत कोणी बेशुद्ध आढळल्यास दार सताड उघडावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ वर फोन करावा आणि गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्मे होण्यास ४ ते ५ तास लागतात, तर मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तासात ते निम्म्यावर येते.