साल्हेर : तटाआधी टाकं

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात नाशिक जिल्ह्यातला एकच, बागलाणातला साल्हेर. तेव्हापासून नाशकात साल्हेरचा विषय निघाला की पहिली निघते ती १६७२ ची मराठे-मुघल लढाई. ती निघावीच. पण लढाईच्या आधी आणि नंतर त्या १५६७ मीटर उंच कातळावर माणसं राहत होती. ती कशी राहत असतील, हे फारसं कुणी विचारत नाही.

इतक्या आडबाजूला ठाणं का, तर वाटेसाठी. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा व्यापारी मार्ग बागलाणातून जाई. बागुल राजांचं हे छोटं राज्य खानदेश आणि गुजरात यांच्या सांध्यावर होतं. अकबराचा इतिहासकार अबुल फजल यानेही इथल्या किल्ल्यांमध्ये साल्हेर-मुल्हेर वेगळे काढून सांगितले आहेत. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण मुघल राज्याला जोडलं, तर १६७१ च्या सुरुवातीला, दुसऱ्या सुरत लुटीनंतर काही महिन्यांतच, शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला. म्हणजे स्वराज्याचं उत्तरेचं टोक एकदम डांगच्या जंगलाला जाऊन भिडलं. पलीकडे आजही गुजरातच लागतो.

अशा जागी बांधकाम सुरू होतं ते पाण्यापासून. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभाराचे नियम सांगणारा ग्रंथ, १७१५ च्या सुमाराचं. तोवर साल्हेर मराठ्यांकडे राहिला नव्हता, पण त्यातलं दुर्गप्रकरण वाचताना तो सारखा डोळ्यांसमोर येतो. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबू नये, कारण वेढ्यात तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. राखीव टाक्यांतलं पाणी रोज खर्चू नये, असंही त्यात बजावलं आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण इथे दुहेरी कामी येतो. टाकं खोदताना निघालेला दगड तिथेच तटाला लागतो, आणि अखंड कातळातलं टाकं पाणी धरून ठेवतं. चढावर दगड वाहून न्यायचा खर्च वाचतो तो वेगळाच. साल्हेरच्या माथ्याखालचा गंगासागर तलाव आणि कातळात कोरलेल्या गुहा पाहिल्या की गडाचा खरा जीव कुठे होता ते कळतं. दरवाजे नंतर पाहिले तरी चालतात.

घरांचं मात्र आज काही दिसत नाही, दिसतात ती जोती. आज्ञापत्राप्रमाणे राजमंदिर सोडून गडावर मोठ्या इमारतीचं घर बांधायचंच नव्हतं. मग शिबंदीच्या, म्हणजे गडावरच्या सैनिकांच्या, वाट्याला साधी घरं, आणि पावसाळ्यात दिवसच्या दिवस न हटणारं धुकं. कचऱ्याचाही नियम होता. वाटेत टाकायचा नाही, जागीच जाळायचा आणि ती राख परसातल्या भाजीला घालायची. दारूखाना, म्हणजे तोफांच्या दारूचं कोठार, राहत्या घरांपासून लांब. आगीचं भय किती होतं, हे महाराजांच्या चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रातून कळतं. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतकं बारीक त्यात लिहिलं आहे. उंदराची काळजी करणारा राजा मला तलवार उपसलेल्या राजाइतकाच मोठा वाटतो.

कारभार तिघांत वाटलेला असे : हवालदार, सबनीस, कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य-सामानाचा कोठार कारखानिसाकडे. तिघे वेगवेगळ्या जातींचे असत आणि त्यांच्या बदल्याही होत. यामागे शिस्त होतीच, पण संशयही होता. दूरच्या ठाण्यावर एकट्या माणसाला पैशाने फोडणं सोपं. वैद्य, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार हेही गडावर असावेत असा दंडक होता. पायताण तुटलं तर दुरुस्त करून घ्यायला कुणी ताहाराबादला उतरणार नाही.

हे सगळं कसाला लागलं १६७२ मध्ये. मुघल सरदार इखलासखानाने गडाला वेढा घातला. आतली शिबंदी तग धरून राहिली, म्हणूनच मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांना येऊन पोचता आलं. पायथ्याच्या मैदानात मुघल फौजेचा पुरता मोड झाला. मराठा सरदार सूर्यराव काकडे मात्र तिथे पडले.

पुढे १६८७ मध्ये मुघलांनी साल्हेर परत घेतला तो हल्ल्याने नव्हे, बोलणी करून. किल्लेदारच फुटला. टाक्यांत पाणी होतं की नव्हतं, हा प्रश्न त्या वेळी आलाच नाही.

पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडला आणि नाशिक परिसरातले बाकीचे किल्ले भराभर इंग्रजांकडे गेले. शिबंदी उतरली, घरांची छपरं गेली. माथ्यावर परशुरामाच्या पादुका राहिल्या आणि खाली गंगासागर. मुक्कामाला जाणारे आजही त्याच गुहांत पथाऱ्या टाकतात.